कनिष्ठेचं नाक

॥ श्री ॥

विजय नगर, जबलपूर
भाद्रपद शुद्ध एकादशी

तीर्थरूप सौ. पद्मजावहिनींच्या चरणी (नव्या गुडघ्याला धक्का न लावता) धाकट्या दिराचा, म्हणजे अच्युतचा, नमस्कार. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात काय आहे ते पुढे येईलच. ती. दादांची बीपीची गोळी आणि सकाळचं फिरणं नियमित चालू असेल. त्यांना माझा नमस्कार सांगा, पण हे पत्र दाखवू नका. पत्र आलं होतं हेही सांगू नका. म्हणजे मग नमस्कारही राहू द्या.

गुडघा कसा आहे? तुमच्या मांडीच्या हाडाला जी टोपी बसवली आहे ती कोबाल्ट-क्रोमियमची असणार, खालची बैठक बहुतेक टायटॅनियमची, आणि दोघांच्या मध्ये पॉलिथिलीनची चकती. पॉलिथिलीन म्हणजे आपल्या दुधाच्या पिशवीचंच घराणं, पण चकतीचं पॉलिथिलीन हा त्या घराण्यातला शिकून पुढे गेलेला मुलगा. घासलं तरी लवकर झिजत नाही, आवाज करत नाही, दोन कडक माणसांच्या मध्ये मुकाट बसून राहतं. (आपल्या घरात ही जागा आजवर तुमची होती.) डॉक्टरांना चकतीचा ग्रेड विचारून घ्या असं मी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी फोनवर म्हणालो, तेव्हा दादांनी फोन ठेवून दिला. मला राग नाही. चौतीस वर्षं मी फॅक्टरीच्या चाचणीखात्यात नोकरी केली. लोखंड ताणायचं, पितळ दाबायचं, रबर पिळायचं, आणि कधी मोडलं ते वहीत लिहायचं. सरकारने मला वस्तू मोडण्याचा पगार दिला आणि मी तो इमानदारीने घेतला. निवृत्त झाल्यावर आयुष्यात पहिल्यांदा एक वस्तू बनवायला घेतली आणि तिथेच माती खाल्ली.

वहिनी, आता बसून घ्या. (गुडघा नव्वद अंशांपर्यंत वाकतो ना?) कनिष्ठेचं नाक तुटलं.

हे मी एका ओळीत लिहिलं, पण ती ओळ लिहायला मला तीन दिवस लागले. ज्येष्ठा सुखरूप आहे. कनिष्ठेचे डोळे, कपाळ, हनुवटी, म्हणजे नथीच्या भोकासकट नाक सोडून बाकी सगळं सुखरूप आहे. पण इंदूने ठरवलं आहे की मूर्ती खंडित झाली, खंडित मूर्तीची पूजा चालत नाही, आणि अनंत चतुर्दशीला गणपतीबरोबर दोन्ही मुखवटे ग्वारीघाटावर नर्मदेत सोडायचे. दोन्ही, कारण एकटी ज्येष्ठा कशी राहील. आजीच्या सासूच्या वेळचे मुखवटे. म्हणजे आज एकादशी, हातात तीन दिवस आहेत. महालक्ष्म्यांच्या बाबतीत आपल्या घरात थोरल्या सुनेचा शब्द शेवटचा, हे तुम्हाला मी सांगायला नको. फोन केला असता, पण इंदू घरातला प्रत्येक फोन स्पीकरवर ठेवून ऐकते (आपल्याबद्दल कोणी काही बोलतं का, एवढ्याचसाठी, बाकी तिला कशात रस नाही), म्हणून शेजारच्या बेबीताई उद्या सकाळच्या बसने लेकीकडे नागपूरला येत आहेत त्यांच्या हाती पत्र देतो आहे.

आता हे झालं कसं. तुमचा गुडघा निघाला म्हणून यंदा मुखवटे आमच्याकडे आले. इंदूला या घरात येऊन एकोणतीस वर्षं झाली. एकोणतीस वर्षं ती दर भाद्रपदात नागपूरला येऊन तुमच्या स्वयंपाकघरात सोळा भाज्या चिरते आणि आरतीच्या वेळी मागच्या रांगेत उभी राहते. त्याबद्दल ती कधी अवाक्षर बोलली नाही, पण मुखवट्यांची ट्रंक आमच्या दारात उतरली तेव्हा तिने ट्रंकेलाच हळदकुंकू लावलं. कुलपालाही लावलं. मला तेव्हाच समजायला हवं होतं की हे प्रकरण आपल्या हातचं नाही आणि आपण बाजूला राहावं. पण दादांनी लोखंडी स्टँड काही पाठवले नाहीत. एकेक अकरा किलोचा, बसमध्ये कोण नेणार, तिथल्या तिथे लोखंडाचेच नवे करून घे, आपल्या वडिलांनी तेच केलं होतं, असं ते म्हणाले. आता दादांनी सांगितलं तेच करायचं तर मी पदार्थांचे गुणधर्म शिकलो कशाला? लोखंड जड, दमट हवेत गंजतं, साडीला डाग पाडतं. ते घेणार नाही असं मी तिथल्या तिथे, म्हणजे दादांनी फोन ठेवल्यावर, ठणकावून सांगितलं.

पहिल्यांदा लाकूड. इथे सदर बाजारात एक सुतार आहे, त्याने सागाच्या नावाखाली काय दिलं ते तोच जाणे, पण जे दिलं ते ओलं होतं. लाकूड हे जिवंतपणी पाणी पितं आणि मेल्यावरही सवय सोडत नाही. पावसाळ्यात फुगतं, पंख्याखाली आकसतं, आणि सगळीकडून सारखं आकसत नाही म्हणून पिळतं. चाचणीसाठी मी मुखवट्यांऐवजी तेवढ्याच वजनाचे दोन कोहळे बसवले होते (समिधाने मार्करने त्यांना डोळे काढले, आमची लेक डिझाइनचं शिकली आहे, ते कुठेतरी दिसायला हवं). चौथ्या दिवशी ज्येष्ठ कोहळ्याने कनिष्ठ कोहळ्याकडे पाठ फिरवली. इंदू म्हणाली की सख्ख्या जावा शोभतात. यातला टोमणा कोणाला होता ते मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका.

मग ॲल्युमिनियम. दिसायला छान, गंजत नाही, वजन लोखंडाच्या तिसऱ्या हिश्श्याचं. पण ताठपणाही तिसऱ्या हिश्श्याचाच, हे मी फॅक्टरीत नव्या पोरांना दरवर्षी शिकवत होतो आणि घरी सोयीस्कर विसरलो. पातळ नळी घेतली. रस्त्यावरून वाळूचा ट्रक गेला की दोन्ही कोहळे डोलायचे, आणि ट्रक पुढे गेल्यावरही बराच वेळ डोलत राहायचे. इंदू पोळपाट हातात घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "अंगात आलं काय जी यांच्या?" त्यावर मी तिला कंपन म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्या दिवशी पोळ्या कच्च्या मिळाल्या.

आणि तिसऱ्यांदा पीव्हीसी. वहिनी, नळाचा पांढरा पाइप. या वस्तूबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे, दोष तिचा नाही. हलकी, स्वस्त, कधी गंजत नाही, करवतीने लोण्यासारखी कापली जाते, कोपऱ्याचे तुकडे आणि जोड तयार मिळतात, चिकटवलं की काम झालं. मी दोन्ही स्टँड दोन तासांत उभे केले, त्यावर पंधरा किलो तांदूळ बांधून दोन दिवस ठेवला, सूतभर वाकले नाहीत. मी वहीत तारीख-वेळ लिहून सही केली. (सही घ्यायला वरचा अधिकारी नव्हता म्हणून तीही मीच केली.) समिधा फक्त बघत होती. तिच्या कॉलेजात शिकवतात की पदार्थ निवडण्याआधी त्या वस्तूला आयुष्यात काय काय सोसायचं आहे ते लिहून काढा. म्हणाली, "बाबा, तुम्ही वजन धरलं, ठीक आहे. पण गर्मी भी तो लोड है ना?" मी म्हणालो, महालक्ष्म्यांना कसली आली आहे गर्मी, आणि विषय संपवला. मुलीला शिकवायला पैसे घातले आणि ती शिकली की तिचं ऐकायचं नाही, ही आपल्या घराण्याची पद्धत मी मोडली नाही.

आवाहन उत्तम झालं. पूजनाच्या दिवशी इंदूने जरीच्या साड्या नेसवल्या, तुम्ही दिलेले दागिने घातले, पुरण, आंबील, सोळा भाज्या, सगळं तुमच्या वहीबरहुकूम. मला वाटलं, एवढं केलं तर थोडी शोभाही करावी. मंडपवाल्याकडून दोन मोठे हॅलोजन आणले आणि दोघींच्या मागे खाली, कोणाला दिसणार नाहीत असे ठेवले. काय तेज आलं म्हणता. तेजाबरोबर उष्णताही येते, आणि पीव्हीसी साठ अंशांच्या पुढे ढिलं पडू लागतं, हे मला ठाऊक होतं. चौतीस वर्षं ठाऊक होतं. पण ज्ञान असणं वेगळं आणि ते वेळेवर आठवणं वेगळं, शिवाय साडीच्या आतला पाइप मला दिसत नव्हता.

संध्याकाळची आरती सुरू झाली. आपली सहा-सात मराठी घरं आणि बाकी कॉलनीतल्या बायका, मिळून तीसेक माणूस. दुसऱ्या कडव्याला माझ्या लक्षात आलं की कनिष्ठा जरा पुढे झुकली आहे. मी डोळे चोळले. तिसऱ्या कडव्याला शेजारच्या हेमलता दीदींच्याही लक्षात आलं. त्या टाळ्या थांबवून म्हणाल्या, "अरे देखो, मैया झुक रही हैं." बस. एवढंच पुरलं. आरती बंद पडली आणि जयजयकार सुरू झाला. मागच्या गल्लीतून बायका चपला काढत धावत आल्या. ज्यांनी आठ वर्षांत मला कधी ओळख दाखवली नाही ते गृहस्थ दारात हात जोडून मुलाच्या बदलीबद्दल पुटपुटत होते. आणि कनिष्ठा इतक्या सावकाश, इतक्या मायेने खाली वाकत होती की कोणाही नास्तिकाचा विश्वास बसावा. मी मात्र मनातल्या मनात अंश मोजत होतो. पाच. आठ. अकरा.

त्या वेळी मी पुढे होऊन सांगायला हवं होतं की बायांनो, हा चमत्कार नाही, हा नळाचा पाइप आहे, तो हॅलोजन बंद करा. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात इंदूकडे लक्ष गेलं. ती पहिल्या रांगेत होती, या घरात आल्यापासून पहिल्यांदा. हात जोडलेले, डोळ्यांतून पाणी, आणि चेहऱ्यावर असं काही की जणू एकोणतीस वर्षांनी कोणीतरी तिची दखल घेतली. मी तोंड मिटलं. वहिनी, माझं खरं पाप हे आहे. पाइप त्याच्यानंतरचा.

पंधरा अंशांवर पाइपने हाय खाल्ली. एकदम कोपऱ्यातून दुमडला. मी शाळेत कबड्डीत बाद होण्यासाठी प्रसिद्ध होतो, पण त्या दिवशी जी झेप घेतली ती पाहून दादांनीही माझी पाठ थोपटली असती. समई आडवी, नैवेद्याचं ताट माझ्या पोटाखाली, आणि मुखवटा मी जमिनीला टेकायच्या आत झेलला. सगळ्यांनी सुस्कारा टाकला. मीही टाकला. मग पाहिलं तर चेहरा डाव्या हातात आणि नाक उजव्या मुठीत. नाक तिचं गेलं, कापलं गेलं माझं.

इंदू ओरडली नाही. तिने शांतपणे येऊन माझ्या हातातून मुखवटा घेतला, त्याच्याकडे न बघता पदरात गुंडाळला, आत नेऊन ट्रंकेत ठेवला आणि बाहेर येऊन सगळ्यांना प्रसाद वाढला. (नाक माझ्या मुठीतच राहिलं. कोणाला द्यावं ते कळेना.) मी तिला नंतर समजावलं की शाडू ही ठिसूळ जात, दाब सोसते, ताण आणि धक्का सोसत नाही, पण आता दोन नळ्यांतला इपॉक्सी मिळतो, तो नीट मिसळून लावला तर जोड मूळ मातीपेक्षा मजबूत होतो. ती म्हणाली, "मजबूत होईल जी, अखंड नाही होणार."

तेव्हापासून तीन दिवस झाले, ती माझ्यावर एकदाही चिडलेली नाही. स्टँड मी केले, पाइप मी निवडला, हॅलोजन मी आणले, सगळा दोष आयता माझ्या पदरात आहे, आणि ही बाई तो उचलायलाच तयार नाही. काल भाजी निवडता निवडता समिधाला म्हणाली, "ताईंच्या घरी इतकी वर्षं काही झालं नाही. धाकटीच्या घरी आल्या अन् धाकटीच मोडली. माझ्याच हाताला यश नाही." एवढं बोलून पुन्हा भाजी निवडू लागली. जेवण दोन घास. मी हिच्या शिव्या खायला बसलो आहे आणि शिव्या येत नाहीत, वहिनी. मला फार वाईट वाटतं आहे. विनोदाने लिहितो आहे तो घाबरल्यामुळे.

असो. पत्र लिहिण्याचं मुख्य कारण म्हणजे तुमच्याकडच्या लोखंडी स्टँडची मापं हवी होती. उंची, पायांतलं अंतर आणि वरच्या कड्याचा व्यास, एवढं कोणाकडून तरी मोजून घेऊन कळवावं. पुढे कधी लागलंच तर असू द्यावं. बाकी क्षेम. गुडघ्याला शेक द्या, जिने टाळा, आणि डॉक्टरांना ग्रेड विचारा.

तुमचा आज्ञाधारक (दादांचा नव्हे),
अच्युत

ता. क. : मापं नाही पाठवलीत तरी चालेल.

ता. क. दुसरा : नाक माझ्याकडेच होतं, आणि माझ्याकडे निरोपसमारंभात मिळालेलं भिंग आहे. सवय जात नाही. तुटलेली कडा भिंगाखाली धरली. वहिनी, माती तुटली की कडा खरबरीत दिसते, राखाडी-पिवळी. ही कडा गुळगुळीत होती आणि गुलाबी होती. मी सुईने टोक कोरून पाहिलं, कोपरा तापवून वास घेतला. ॲक्रिलिक. त्यातही हिरडीच्या रंगाचं, कवळीत वापरतात ते. वरून रंग इतका सुबक दिला होता की दादा गेली कित्येक वर्षं सोवळं नेसून कवळीच्या नाकाला हळदकुंकू वाहत आहेत आणि त्यांना पत्ता नाही. आपल्या साऱ्या गोतावळ्यात कवळ्या करणारे एकच होऊन गेले, ते म्हणजे तुमचे कै. वडील. मला काही म्हणायचं नाही. जोड अप्रतिम आहे. फक्त उष्णता लागली की ॲक्रिलिक मातीच्या कितीतरी पट फुगतं, त्यामुळे माझ्या हॅलोजनने तो सुटला. म्हणजे त्या दिवशी आमच्या घरी मातीचा कणही तुटलेला नाही. नाक कधीतरी तुमच्याकडे, तुमच्या देखत गेलं, आणि तुम्ही ते एकटीने निभावलंत. मी हे इंदूला सांगितलं तर तिला वाटेल समजूत काढायला रचलं, आणि मुखवटा ती उघडू देत नाही. शिवाय ती गोष्ट माझी नाही, तुमची आहे. म्हणून फोन करा. परवापर्यंत. स्पीकरवर असणारच. तिला एवढंच सांगा की धाकटी तिच्या हातून मोडली नाही. दादा अंघोळीला गेले की करा. हे धमकीचं पत्र नाही.

ता. क. तिसरा : दमटपणाने पाकिटाचा डिंक गेला आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणतो आणि मग बंद करतो. बेबीताई सज्जन आहेत, पण उघडं पाकीट त्यांच्या हाती देण्याइतका मी निवृत्त झालेलो नाही.

ताईंना इंदूचा नमस्कार. हे डिंक आणायला गेले आहेत आणि दुकानात उभे राहून कोणता डिंक बरा त्यावर बोलून राहिले असतील, म्हणून मला वेळ आहे. पत्र सगळं वाचलं. फोन नका करू, आता गरज नाही. ट्रंक उघडून मी कनिष्ठेचं तोंड पाहिलं, गुलाबीच आहे. तीन दिवस मी रडून राहिली होती. तुम्ही किती दिवस रडल्या असाल, मला काहून नाही सांगितलं? दोघी मिळून भ्यायलो असतो. ग्वारीघाट रद्द. नाक यांना लावू देते, पण अंघोळ करून. आता एक विचारायचं होतं. पुढच्या वर्षीपासून महालक्ष्म्या एक वर्ष तुमच्याकडे आणि एक वर्ष माझ्याकडे, असं ठेवू. तुम्ही हो म्हणाल तर दादांना विचारायचं कामच नाही. नाही म्हणाल तर मात्र मला त्यांना विचारावं लागेल, आणि विचारायचं म्हणजे पहिल्यापासून सगळं सांगावं लागेल. गुडघ्याला जपा.